गरीची जागा राखायची तर वही करा

मालवणात 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. 29.122 चौरस किलोमीटर, त्यातला 3.182 गाभा, म्हणजे आतला मुख्य राखीव भाग. माझ्या वडिलांची गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, तिथल्याच खडपांवर, पाण्यातल्या खडकांवर, पडायची, म्हणून पोटतिडकीने सांगतो.

नवं राखीव क्षेत्र येतंय असं कळलं की वही सुरू करा. तारीख, भरती-ओहोटी, गरीला तांबोशी मासा लागला की गोबरा, सगळं लिहा. खडपाचं गावातलं नाव तर लिहाच. सरकारी नकाशात ते सापडत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा जाहीरनामा निघाल्यापासून दोन महिन्यांत त्यांच्याकडे आपल्या हक्काचा लेखी दावा द्या, पोच घ्या. वन्यजीव कायद्याचं कलम 26अ स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपायला सांगतं. हौशी गरीवाल्यांचं नाव त्यात नाही, म्हणूनच त्यांनी होडीवाल्या मच्छीमारांसोबत उभं राहावं. विणीच्या हंगामात गरी आवरू, हेही आपणहून लिहा. मी लिहिलंय.