ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ आहे? अमेरिकेत मानसशास्त्राच्या पीएच.डी.साठी अर्ज करताना काय करावं

माझ्या भाचीचा फोन आला तेव्हा तिच्याकडे रात्रीचे दोन वाजले होते. अमेरिकेत मानसशास्त्रात बी.ए.चं शेवटचं वर्ष, डिसेंबरच्या सुरुवातीला क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएच.डी.चे अर्ज जायचे, आणि ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाच्या गुणपत्रकावर, दुसऱ्या वर्षाच्या स्टॅटिस्टिक्ससमोर ग्रेडच्या जागी एकच अक्षर: डब्ल्यू. “मावशी, हे बघून माझा अर्ज बाजूलाच टाकतील ना गं?”

एका डब्ल्यूसाठी सहसा कुणी अर्ज बाजूला टाकत नाही. डब्ल्यू म्हणजे विथड्रॉ, कोर्स मध्येच सोडला. इकडे घरच्यांना ते एटीकेटीसारखं वाटतं, पण एटीकेटीत विषय राहिलेला असतो. डब्ल्यूत निकालच लागलेला नसतो आणि जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, तो धरला जात नाही. तो कोणत्या विषयात आहे आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत, हे मात्र प्रवेश समिती बघते. म्हणून खालचं काम क्रमाने करा.

१. कोर्स अजून सोडला नसेल, तर आधी तारखा आणि क्रेडिट मोजा

सेमिस्टरच्या साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत कोर्स ‘ड्रॉप’ केला, तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच उमटत नाही. त्यानंतर ठरावीक तारखेपर्यंत सोडला तर डब्ल्यू. ती तारीखही गेली, तर काही ठिकाणी डब्ल्यूएफ (विथड्रॉ-फेल) मिळतो आणि अनेक विद्यापीठं तो जीपीएत एफ म्हणूनच मोजतात. या तारखा ॲकॅडेमिक कॅलेंडरमध्ये असतात. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल, तर पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट ठेवावे लागतात. कोर्स सोडून आकडा त्याखाली जाणार असेल, तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओची (विद्यार्थी व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी घ्या. आजारपणासारख्या कारणाने ती मिळू शकते, पण कोर्स सोडण्याआधी. भाचीचे १५ क्रेडिट होते, तीन गेले, बारा उरले, म्हणून निभावलं. या एका गोष्टीत हयगय करू नका. ग्रेड पुढे सुधारता येते, व्हिसाचा घोळ निस्तरणं फार अवघड.

राहू की सोडू? बी मायनस येईल असं दिसत असेल, तर माझं मत राहा. डी किंवा एफच समोर दिसत असेल, तर सोडा.

२. ट्रान्सक्रिप्ट काढा आणि परक्याच्या नजरेने वाचा

पोर्टलवरून अनऑफिशियल प्रत छापून घ्या आणि प्रत्येक डब्ल्यूभोवती पेनने गोल करा. भूगर्भशास्त्रात किंवा संगीतात एखादा असेल, तर त्यावर वेळ घालवू नका. एकाच सेमिस्टरमध्ये सगळे कोर्स सुटले असतील, तर वाचणाऱ्याला कळतं की त्या काळात काहीतरी मोठं घडलं. अशा वेळी थोडक्यात खुलासा द्यावा. दर सेमिस्टरला एक-एक असेल, तर मात्र अवघड झालं की हा विद्यार्थी सोडून देतो, असा अर्थ लागू शकतो. आणि स्टॅटिस्टिक्स किंवा रिसर्च मेथड्समधला एकच डब्ल्यूही डोळ्यांत भरतो, कारण संशोधनाची पीएच.डी. याच दोन विषयांवर उभी असते.

३. तो विषय पुन्हा घ्या

खुलासा कितीही चांगला लिहिलात, तरी त्याच विषयात नंतर मिळवलेल्या ए ग्रेडची सर त्याला येत नाही. भाचीने पुढच्याच सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्स पुन्हा घेतलं आणि ए मायनस आणला. खरं तर तिचा प्रश्न तिथेच संपला होता. तुम्ही तो कोर्स सध्या करत असाल, तर ग्रेड अर्जाच्या मुदतीनंतर लागेल. अर्जात तो ‘चालू’ म्हणून दाखवा आणि निकाल लागताच नवी ट्रान्सक्रिप्ट चालेल का, हे विभागाला विचारा. पुन्हा घेणं शक्यच नसेल, तर वरच्या पातळीचा स्टॅटिस्टिक्सचा कोर्स किंवा एखाद्या प्राध्यापकांच्या लॅबमध्ये आकडेवारीचं प्रत्यक्ष काम, हे दोन मार्ग उरतात.

४. खुलासा तीन वाक्यांत, आणि योग्य जागी

भाचीने चारशे शब्द लिहिले होते: बाबांची बायपास, नाशिकचं हॉस्पिटल, आयसीयूबाहेरच्या रात्री. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरीही आम्ही ते काढलं, आणि राहिलं ते एवढं:

“दुसऱ्या वर्षाच्या स्प्रिंग सेमिस्टरमध्ये कुटुंबातल्या तातडीच्या वैद्यकीय कारणामुळे मला तीन आठवडे भारतात जावं लागलं आणि स्टॅटिस्टिक्स सोडावं लागलं. पुढच्याच सेमिस्टरमध्ये मी तो कोर्स पुन्हा घेऊन ए मायनस मिळवला. तेव्हापासून मी लॅबमध्ये सर्वेक्षणांच्या माहितीचं विश्लेषण करते आहे.”

कारण, दुरुस्ती, आजची स्थिती. हे ‘जादा माहिती’च्या रकान्यात जातं. स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधात, घालू नका. ती जागा तुमच्या संशोधनाच्या प्रश्नाची आहे.

कोर्स सोडण्याचं कारण स्वतःचं मानसिक आजारपण असेल, तर ‘प्रकृतीच्या कारणामुळे, आता बरी आहे’ इथे थांबा. ॲपलबी आणि ॲपलबी या संशोधकांनी २००६ मध्ये मानसशास्त्र विभागांच्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना विचारलं होतं की, कोणत्या गोष्टींमुळे अर्ज बुडतो. स्वतःच्या मानसिक आरोग्याबद्दल भरमसाट लिहिणं, हे त्यांतलं एक उत्तर होतं. याच क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलांना हा सल्ला देताना मला जड जातं, पण अर्ज तुमचा आहे आणि तो वाचणारे अनोळखी आहेत.

५. शिफारसपत्र देणाऱ्यांना आधीच सांगा

ट्रान्सक्रिप्ट आणि ती तीन वाक्यं त्यांना पाठवा. ज्यांच्या लॅबमध्ये तुम्ही राबलात, त्यांनी ‘आकडेवारीत ही पक्की आहे’ असं लिहिलं, तर ते तुमच्या शब्दांपेक्षा वजनदार.

६. लपवू नका

अर्जात कोर्सची यादी मागितली, तर डब्ल्यूसकट भरा. कम्युनिटी कॉलेजात एखादा कोर्स केला असेल आणि सगळ्या संस्थांच्या ट्रान्सक्रिप्ट मागितल्या असतील, तर तीही जोडा. न जुळणारी नोंद डब्ल्यूपेक्षा कितीतरी जास्त नडते.

७. विभाग निवडताना आकडे बघा

एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) मान्यता असलेल्या डॉक्टरल प्रोग्रॅमना प्रवेशाची आकडेवारी आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. किती जण आत आले हे तिथे सापडतं, काही विभाग त्यांचा जीपीएही देतात. क्लिनिकल पीएच.डी.ला शेकडो अर्ज आणि जागा दहाच्या आत, असं सर्रास असतं. म्हणून यादीत मास्टर्सचे दोन-तीन प्रोग्रॅमही ठेवा. तिथे चांगल्या ग्रेड मिळवून पुन्हा पीएच.डी.ला अर्ज करता येतो.

८. उत्तर मोठ्याने म्हणून बघा

मुलाखती बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत होतात. लिहिलेली तीन वाक्यं तोंडाने बोलताना लांबत जातात आणि आवाज कापरा होतो. भाचीने ती मला फोनवर रोज म्हणून दाखवली. मुलाखतीत एकाच प्राध्यापिकेने विचारलं, तिने अर्ध्या मिनिटात सांगितलं, आणि पुढची वीस मिनिटं दोघी तिच्या सर्वेक्षणातल्या प्रश्नांच्या क्रमाबद्दल बोलत होत्या.