भंगारातला पार्ट जुन्या ट्रकला बसवताना या चुका टाळा

सोलापूरच्या हैदराबाद रोडला भंगारात हात काळे करत उभं राहिलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "बसतंय की, न्या बिनधास्त." बसतं, ते खरंय. पण पार्ट बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे मला माझ्या फार्गोनं शिकवलं.

1950 च्या दशकातला छोटा फार्गो ट्रक आहे. डॉज आणि फार्गो इथं बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद 1882 साली आपल्या सोलापुरातच जन्मले, म्हणून या गाडीवर थोडा जास्तच जीव. पण पार्ट मिळायची बोंब. मग टाटाचा, महिंद्राचा, मिळेल तो माल जुळवत बसायचं.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक आट्यांची. फार्गो अमेरिकन घराण्यातली, तिचे आटे इंची. भंगारात येणाऱ्या टाटाच्या मालाचे बोल्ट मिलिमीटरचे. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिमी, म्हणून 8 मिमीचा बोल्ट तिथं दोन-तीन फेरे गुमान जातो आणि मग अडतो. अडला की आपण पान्याला पाइप लावतो, आणि ब्लॉकमधले आटे जातात. बोल्ट हातानं शेवटपर्यंत फिरला नाही, तर तो त्या भोकाचा नाहीच. तिथं जोर नको, आट्यांमधलं अंतर मापायचं पिच गेज घ्या. दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू आहे.

यातच एक खास सोलापुरी सापळा आहे. आपल्याकडं यंत्रमागाची कामं करून हात बसलेले टर्नर भरपूर, आणि भोकात आटे पाडायचे इंची टॅप त्यांच्याकडं असतात. मी खुशीत गेलो. पण जुन्या मागांची इंची म्हणजे विलायती व्हिटवर्थ, आट्याचा कोन 55 अंश. अमेरिकन आट्याचा कोन 60. त्यात 5/16, 3/8, 7/16 या मापांना दोन्हीकडं इंचातले आटे सारखेच, त्यामुळं फरक डोळ्याला दिसत नाही. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे 12 आणि अमेरिकन जाड आट्याचे 13. माझं भोक नेमकं अर्ध्या इंचाचं होतं, आणि त्यात 12 चे आटे पडले. टर्नरची चूक नाही. मी नमुन्याचा बोल्ट न नेता तोंडानं माप सांगितलं होतं.

चाकांचंही सांगून ठेवतो. या गाड्यांच्या डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे, नेहमीच्या उलट फिरवून सुटणारे. नट बसतो त्या स्टडचं टोक पुसलं तर बहुतेकदा इंग्रजी 'एल' कोरलेला दिसतो. मी टोक पुसलं स्टड तुटल्यावर.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारा, बदलताना लोक फक्त बोल्टची भोकं बघतात. बघायचा असतो आतला बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास. 1 इंचाच्या जागी सव्वा इंचाचा घातला, तर पिस्टनचं क्षेत्रफळ 56 टक्क्यांनी वाढतं. पायाचा जोर तेवढाच राहतो, म्हणून तेलाचा दाब कमी होतो. लक्षण असं : पेडल दगडासारखं आणि गाडी थांबत नाही. उलट, छोटा बोअर घातला तर पेडल मऊ पडतं आणि खाली बसतं. सगळे त्याला 'हवा राहिली' समजून चार-चार वेळा ब्लीडिंग करत, म्हणजे तेलातली हवा काढत बसतात. पायाचा जोर व्हॅक्यूमनं वाढवणारा बूस्टरवाला सेट घेणार असाल तर आणखी एक. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम नसतो. वेगळा पंप लागतो, आणि तो बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. भंगारवाला अल्टरनेटर वेगळा विकतो. दोन्ही एकदमच उचला.

भंगारातलं ब्रेकचं रबर मात्र फुकट दिलं तरी घेऊ नका. स्टीअरिंगचा कुठलाही पार्ट वेल्ड करून जोडू नका, चाकावरच्या पाट्याच्या स्प्रिंगचं पान तर नाहीच नाही.

वायरिंगचं थोडक्यात. माझी गाडी मूळची 6 व्होल्टची, आणि बॉडीला बॅटरीची प्लस बाजू. भंगारातला 12 व्होल्टचा अल्टरनेटर लावून बॅटरी जुन्या सवयीनं जोडली की डायोड त्याच क्षणी जळतात.

गिअरबॉक्स जोडायला जाड पाटी कापून अडॅप्टर बनवतात. भोकं जुळतात, पण मधला केंद्रबिंदू जुळला का हे डायल गेज लावल्याशिवाय कळत नाही. तो सरकला असेल तर क्लच सोडताना गाडी थरथरते, पुढचं बेअरिंग ओरडतं, आणि काही दिवसांत गिअर आपोआप निसटू लागतो. मिस्त्री बेअरिंग बदलतात, ते पुन्हा ओरडतं. अडॅप्टरला जागा पक्की धरणाऱ्या दोन डॉवेल पिना द्या, नुसत्या बोल्टवर ठेवू नका. माझ्या मते हे काम घरी करायचं नाहीच, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चांगला लेथवाला गाठायचा.

उन्हाळ्यात गाडी तापली की नव्या गाडीचं 13-15 पीएसआय दाबाचं झाकण जुन्या रेडिएटरला लावायचा मोह होतो. पितळी टाकीचे झाळलेले सांधे त्यानं उसवतात. जुन्या झाकणावरचा आकडा वाचा आणि तेवढंच घ्या.

आणि पार्ट उचलण्याआधी कागदं. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं आरसीत नोंद लागते, म्हणून इंजिनचं पक्कं बिल मागा. चेसिस नंबर घासलेला माल तिथंच सोडा. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, बिगरव्यावसायिक चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. पण अट मूळ रूपाची आहे. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. दुसरं इंजिन मापून, भाव ठरवून झाल्यावर हे मला समजलं. आता ते शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलंय, आणि मूळ इंजिनाच्या त्या अर्ध्या इंचाच्या भोकात बुश, म्हणजे नव्या आट्यांची नळी बसवायचं काम चालू आहे.