डीजी रूममध्ये इअरप्लग घालूनही कान जातात, ते या चुकांमुळे

भोसरी-चाकणकडे वीज गेली की डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, सुरू होतो आणि वायरमनला त्याच्याजवळच उभं राहावं लागतं. 1000 केव्हीए क्षमतेपर्यंतच्या सेटला कॅनोपीबाहेर (सेटभोवतीच्या आवाज रोखणाऱ्या पेटीबाहेर) एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आहे. पण ती दारं बंद असतानाची. दार उघडून आत वाकलात की तो आकडा विसरा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फोमचा प्लग कानाच्या तोंडाशी नुसता टेकवणं. स्वच्छ हातांनी तो सुरकुती न पडता बारीक वळा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत, साधारण 30 सेकंद, बोटाने दाबून धरा. मग मशीनजवळ दोन्ही तळवे कानांवर घट्ट ठेवून पाहा. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही, पुन्हा घाला. फोमचे प्लग धुऊन वापरू नका. ते पुन्हा पूर्ण फुगत नाहीत.

दुसरी चूक बोलण्यासाठी प्लग काढण्याची. आठ तासांत मिळून अर्धा तास जरी कान उघडे राहिले, तरी 30 डेसिबलचं संरक्षण प्रत्यक्षात 12 वर येतं. बोलायचं असेल तर खोलीबाहेर या, किंवा खुणा ठरवून घ्या.

पाकिटावरचा एनआरआर, म्हणजे प्लग किती डेसिबल आवाज कमी करतो तो आकडा, 29 असेल, तर त्यातून 7 वजा करून उरलेल्याचा निम्मा धरा. म्हणजे 11 डेसिबल.

जिवंत पॅनेलजवळ धातूच्या पट्टीचा इअरमफ (कानांवर बसणारं झाकण) नको, डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारा, घ्या. चष्म्याची जाड काडी मफखाली आली की फट पडते आणि आवाज तिथूनच आत शिरतो.

कायद्याची मर्यादा आठ तासांना 90 डेसिबल आहे, म्हणून 88 ला निर्धास्त राहू नका. 85 ला आठ तास धरले, तर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 88 ला चार तास, 94 ला एक, 100 ला फक्त 15 मिनिटं.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, शिफ्ट संपल्या संपल्या करू नका, आधी किमान 14 तास कान शांत हवेत. रिपोर्टच्या आलेखात 4000 हर्ट्झजवळचा खड्डा बघा, गोंगाटाने झालेली इजा बहुतेकदा तिथेच आधी दिसते. गणपतीआधी संध्याकाळी ढोल-ताशाच्या सरावाला जात असाल, तर तपासणीच्या आदल्या दिवशी सराव टाळा. एरवी सरावालाही प्लग घालूनच उभे राहा, दिवसभर थकलेल्या कानांना तोही मारच असतो.