लॅट-लाँगचे ढीगभर पॉइंट ऑटोकॅडमध्ये एका झटक्यात कसे टाकायचे

लॅट-लाँगच्या (लॅटिट्यूड-लाँगिट्यूड, अक्षांश-रेखांश) डिग्री तशाच टाकू नका, ड्रॉइंग वाकडं येतं, कारण एक डिग्री लाँगिट्यूडचं अंतर ध्रुवाकडे जाताना कमी होत जातं. आधी कन्व्हर्टरने यूटीएम मीटर करून घ्या (यूटीएम म्हणजे पृथ्वीचे ६-६ डिग्रीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, करून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत). झोन काढायला लाँगिट्यूडमध्ये १८० मिळवा, ६ ने भागा, पूर्णांकात १ मिळवा, म्हणजे १० डिग्री पूर्वला झोन ३२. मग एक्सेलमध्ये ईस्टिंग (पूर्वेकडचे मीटर, म्हणजे एक्स), कॉमा, नॉर्दिंग (उत्तरेकडचे मीटर, म्हणजे वाय) असं एका कॉलममध्ये जोडा, ईस्टिंगच आधी हं, इथेच बहुतेकांची उलटापालट होते. ऑटोकॅडमध्ये एफ३ने ओस्नॅप (जवळच्या वस्तूला आपोआप चिकटणं) बंद, मग मल्टिपल टाइप करून एंटर, पॉइंट टाइप करून एंटर, आणि अख्खा कॉलम कमांड लाइनमध्येच पेस्ट. झालं की एस्केप, झूम एक्सटेंट्स. ठिपके दिसत नसतील तर पीडीमोड (ठिपका कसा दिसेल ते ठरवणारी सेटिंग) ३ करा.