'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी काढण्याआधी

रविवारी सकाळी अकराला आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी गल्ल्यापाशी येऊन विचारतं, "फ्रँचायझी देता का?" वर्षभरात सहा जणांनी विचारलं. मिसळीचं हे दुकान वडिलांनी काढलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. गल्ल्यामागे 'आमची कोठेही शाखा नाही' ही त्यांची पाटी अजून आहे. ती काढायची की ठेवायची ते ठरलेलं नाही. पण ठरवायला बसण्याआधी हाताशी काय काय हवं, त्याची यादी वहीत वाढत गेली. चहावाल्याला, वडापाववाल्यालाही ती थोड्याफार फरकाने लागू पडेल.

पहिलं काम मसाल्याचं. करार, लोगो, बोर्डाचा रंग हे सगळं त्यानंतर. आमच्या कटाला कांदा-लसूण मसाला आई घालते, आणि किती घातलास विचारलं की म्हणते, "रंग बघून." म्हणून आम्ही काटाच आणून ठेवला. तिची मूठ आधी वाटीत, वाटी काट्यावर, मग पातेल्यात. चार दिवसांच्या चार मुठी निघाल्या 38, 44, 41 आणि 52 ग्रॅम. 52 का? "ही मिरची फिकी आहे." म्हणजे माप मुठीत नव्हतंच, डोळ्यात होतं. मग वजनासोबत ब्याडगी किती, लवंगी किती, कुठल्या खेपेची, हेही लिहिणं आलं. लिहून झाल्यावर आईला घरी बसवून नव्या पोराकडून नुसत्या कागदावरून कट करून घेतला. तिसऱ्या खेपेपर्यंत रोजची गिऱ्हाइकं विचारत होती, "आज काकू नाहीत का?" चौथ्या खेपेला कोणी विचारलं नाही. तुमच्याकडेही हा प्रश्न बंद होईपर्यंत पुढच्या कामाला हात घालू नका. मटकीचंही तसंच. उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात, थंडीत दीड दिवस लागतो, आणि जड पाण्याच्या गावात ती शिजता शिजत नाही. तेव्हा तास लिहू नका, मोड केवढा दिसला पाहिजे ते लिहा.

मसाला पहिला, कारण पैसाही तिथेच आहे. 2004 मध्ये कल्याणला सुरू झालेल्या गोली वडापावने वडा कारखान्यात करून गोठवला, दुकानात फक्त तळायचा. चव सारखी राहते हे झालंच, पण हिशेबही राहतो. विक्रीवर पाच टक्के रॉयल्टी ठरवाल, पण समोरच्याने निम्मे पैसे बायकोच्या फोनवर यूपीआयने घेतले तर तुम्हाला कसं कळणार? मसाल्याचं तसं नाही. आमच्या एक किलोत साठ प्लेटी निघतात. महिन्याला पन्नास किलो नेणाऱ्याने तीन हजार प्लेटी विकल्या, यात वाद नाही. म्हणजे फ्रँचायझी द्यायची म्हणजे मिसळवाल्याने मसाल्याचा कारखानदार व्हायचं. त्याला वेगळी जागा, त्या जागेचा वेगळा एफएसएसएआय परवाना, पाकिटावर बॅच नंबर आणि तारीख. भावाला हे आवडेल. मला पातेल्यापाशी उभं राहायला आवडतं. आमचं घोडं खरं इथे अडलंय.

मग समोरच्याचा हिशेब मांडा, आपला नव्हे. आपली जागा घरची, आई आणि वहिनी पगार घेत नाहीत, म्हणून नफा गुबगुबीत दिसतो. तो भाडं भरणार, चार माणसं ठेवणार. महिन्याला 3 लाखांची विक्री धरली तर पाच टक्के रॉयल्टी 15,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 2,700. साधं हॉटेल जीएसटीच्या 5 टक्क्यांत मोडतं आणि त्यात इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, म्हणजे हे 2,700 त्याचे गेलेच. एवढं देऊन त्याच्या हाती काय उरतं? आपल्या आचाऱ्याच्या पगाराइतकंही उरत नसेल तर तो सहा महिन्यांत बाहेरचा मसाला वापरायला लागेल. तुम्ही स्वतः कंपोझिशनमध्ये, म्हणजे जीएसटीच्या छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या योजनेत असाल तर सीएला आधीच गाठा. फ्रँचायझी फीसारखं सेवेचं उत्पन्न त्यात उलाढालीच्या 10 टक्के किंवा 5 लाख, यांतलं जास्त असेल तेवढंच चालतं, आणि बेळगाव-पणजीला, म्हणजे दुसऱ्या राज्यात, मसाला पाठवणं तर बसतच नाही.

नावाची नोंदणी, म्हणजे ट्रेडमार्क, लवकर टाका. हॉटेलसाठी वर्ग 43, मसाल्यासाठी वर्ग 30. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाला दर वर्गाला 4,500 रुपये. ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतीला चार महिने, नोंदणी दहा वर्षांची. 'कोल्हापुरी मिसळ' हे नाव कुणा एकाला मिळायचं नाही, ते साऱ्या गावाचं आहे. आणि नाव आडनावावरून असेल तर काका-चुलतभावांची लेखी संमती आधी घ्या. एकाच आडनावाच्या दोन पाट्या समोरासमोर लागलेल्या कोणी पाहिल्या नाहीत?

कराराला वकील बघेलच. एवढंच ध्यानात ठेवा, आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही, भार 1872 च्या करार कायद्यावर आहे. त्याच्या कलम 27 मुळे 'करार संपल्यावर तीन वर्षं मिसळ विकायची नाही' ही अट सहसा टिकत नाही. करार चालू असताना टिकते, सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोलाच्या खटल्यात तसं म्हटलंय. तेव्हा कृतीचा कागद कोणाच्या हाती द्यायचा नाही, पाकीटच द्यायचं.

शेवटचं, आधी स्वतःचं दुसरं दुकान. दुसऱ्या गावात, भाड्याच्या जागेत, पगारी माणसांवर, घरचं कोणी रोज न जाता एक वर्ष. आमचं हे व्हायचंय.

विचारायला आलेल्या सहाही जणांना मी एकच सांगितलं, मंगळवारी दुपारी तीनला या आणि माझ्याशेजारी बसा. एकजण आला. सहापर्यंत बसला, अकरा प्लेटी मोजल्या, आणि उठताना म्हणाला, "उरलेल्या मटकीचं काय करता?" त्याचा नंबर घेऊन ठेवलाय.