पोल स्टुडिओची तयारी: छत, पोल, गाद्या आणि ती ॲलन की

मागच्या वेळी पोल डान्सच्या स्टुडिओसाठी पोल आले, आरसे आले, स्पीकर आले, आणि ॲलन कीचा, म्हणजे स्क्रू कसायच्या षटकोनी टोकाच्या किल्ल्यांचा, संच रिकाम्या खोक्यांबरोबर घरी गेला. पहिल्याच आठवड्यात एक पोल तळाशी सरकायला लागला आणि तो कसायला हाताशी काहीच नव्हतं. शिकायला आलेल्या बॅचला परत पाठवावं लागलं. तेव्हा या यादीत ॲलन की पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

जागा बघताना पार्किंग आणि भिंतीचा रंग नंतर. आधी मान वर करा. दिसतंय ते खरं छत आहे का? पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगला पोल टेकवायचा नसतो. तात्पुरता नाही, ‘फक्त ट्रायलपुरता’ पण नाही. वर स्लॅब आहे, बीम आहे की लोखंडी सांगाड्यावर पत्रा आहे, हे एक तुकडा उघडून स्वतः बघा. नुसत्या दाबावर उभा राहणारा पोल छताला वर रेटतो आणि जमिनीला खाली, त्यामुळे ‘भोक पाडायचं नाही, मग काय बिघडतं’ हा युक्तिवाद चालत नाही. कायमचा पोल बोल्टने बसवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ड्रिल लावू नका. स्लॅबमधून विजेचे पाइप गेलेले असतात, सळया असतात, आणि जुन्या इमारतीत प्लॅस्टरचा जाड थर असतो, ज्यात बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो पण नुसत्या प्लॅस्टरला धरून असतो. जागा भाड्याची असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. तोंडी ‘हो हो, करा’ला भोकं पडल्यावर काही किंमत राहत नाही.

उंची जिथे जिथे पोल येणार तिथे तिथे वेगळी मोजा. जमिनीला उतार असतो, मध्येच बीम खाली उतरलेली असते, आणि एका ठिकाणच्या मापावर सगळे पोल मागवले की एखादा हमखास तोकडा पडतो. तीन मीटरच्या पुढे काम आरामात होतं. छत अडीच मीटरच्या आसपास असेल तर उंच माणूस उलटा झाला की पाय कुठे न्यायचे हा प्रश्न येतो, आणि तो प्रश्न दिव्याच्या काचेवर सुटतो. छताचे पंखे काढून टाका. भिंतीवरचे लावा.

आता अंतर. पोलपासून चहूबाजूंना दीड मीटर मोकळं, म्हणजे दोन पोलांमध्ये तीन मीटर, हे कमीत कमी. हाताने पोल धरून शरीर आडवं पसरलं की पाय याहूनही लांब पोचतात, म्हणून उंच विद्यार्थ्यांना कडेच्या पोलवर नव्हे, मधल्या मोकळ्या पोलवर ठेवा. नकाशावर जितके पोल बसतात त्यातला एक कमी करा. आरसा, खिडकी, खांबाचा कोपरा, स्पीकरचा स्टँड, बाकडं, सगळं या मापात मोजायचं. शेवटच्या पोलजवळ कुणीतरी पाण्याच्या बाटल्या ठेवतंच. त्या ठेवायला वेगळी जागा आधीच करा.

जमीन कडक आणि सपाट हवी. खाली फोमचा थर असलेलं तरंगतं लॅमिनेट दाबाच्या पोलखाली बसत जातं. मऊ विनाइलचंही तेच. आणि जमीन बसली की पोल सैल होतो, आणि सैल पोल कसायला काय लागतं? ॲलन की. कुठे हवी? स्टुडिओत, भिंतीवर, खिळ्याला. घरी नाही, फिटरच्या पिशवीत नाही.

पोलची जाडी, म्हणजे व्यास, ४५ मिलिमीटर घ्या. आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स फेडरेशनच्या स्पर्धांतही हेच माप असतं, त्यामुळे सवय पुढे उपयोगी पडते. लहान हातांसाठी ४० किंवा ४२ चा एखादा ठेवायला हरकत नाही. ५० चे जुने जाड पोल मुठीत नीट मावत नाहीत. स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. क्रोम सगळीकडे चालतो, पण मुलाम्याखाली निकेल असतं. निकेलची ॲलर्जी असलेल्यांना मांडीवर, बगलेत लाल चट्टे येतात आणि ते पोलच्या घासण्याचेच आहेत असं समजून दुर्लक्ष केलं जातं. प्रवेशाच्या फॉर्मवर हा प्रश्न विचारा. स्टेनलेस स्टील टिकतं, पण थोडं निसरडं वाटतं. पितळ घामेजल्या हाताला छान पकड देतं, पण मऊ असतं, ओरखडे पटकन पडतात आणि रंग काळवंडतो. पावडर कोटिंगची पकड इतकी घट्ट की नवख्याची कातडी सोलते. सिलिकॉनचा पोल कपडे घालून करायच्या हालचालींसाठी असतो, उघड्या त्वचेवर त्याचा उपयोग नाही. एका स्टुडिओत सगळे पोल एकाच फिनिशचे ठेवा, नाहीतर प्रत्येक बॅचमध्ये ‘माझा पोल कुठला’ यावरून भांडणं.

आणि कृपा करून रेलिंगचा पाइप वेल्डरकडून कापून आणू नका. बाहेरून तसाच दिसतो. पण जाडी वेगळी, वेल्डची शिवण मांडीला कापते, सांधा वजनाच्या झटक्यासाठी केलेला नसतो, आणि तो किती वजन पेलेल हे कुणीही लिहून देत नाही. पोलसोबत वजनाची मर्यादा लेखी येते, ती वाचा. एका पोलवर एका वेळी एकच माणूस; जोडीने करायच्या हालचाली बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच.

स्थिर आणि फिरता असे दोन्ही प्रकार चालणारे पोल घेतलेत तर त्यांचा लॉकिंग स्क्रू हा रोजचा विषय. पूर्ण कसलेला पोल स्थिर, पूर्ण सैल केलेला फिरता, आणि अर्धवट कसलेला सर्वांत घातक, कारण तो स्थिर वाटतो आणि भार आल्यावर अचानक सुटतो. चढण्याआधी प्रत्येकाने हाताने पोल फिरवून बघायचा, शिक्षिकेनेसुद्धा. बॅच बदलली की पुन्हा बघायचं. फिरत्या पोलवर नवख्याला पहिल्या दिवशी चढवू नका. वेग वाढला की घाबरून हात सोडतात. आणि हा स्क्रू कशाने फिरतो? हो. त्याच ॲलन कीने.

बसवण्याच्या दिवशी लेव्हल (पाणसळ) दोन दिशांनी लावा, एकमेकींना काटकोनात. एकाच बाजूने सरळ दिसणारा पोल दुसऱ्या बाजूने कलंडलेला असू शकतो, आणि कलंडलेला फिरता पोल शरीराला एका बाजूला खेचत राहतो. सांध्यांवर आरपार मार्करने बारीक रेघ मारा. रेघ तुटली म्हणजे सांधा फिरला, हे लांबूनही कळतं. दाबाचा पोल पहिल्यांदा कसला म्हणजे काम झालं असं मानू नका. रबरी पॅड दबतात, जमीन बसते, माणसांचं वजन पडलं की सगळं थोडं थोडं हलतं. पहिले काही दिवस रोज, आणि पुढे दर आठवड्याला पुन्हा कसून घ्या. रोज पहिल्या बॅचआधी प्रत्येक पोल दोन्ही हातांनी धरून हलवा, तळ आणि वरचा भाग डोळ्यांनी बघा, वहीत तारीख टाका, सही करा. सही कुणाची हे ठरलेलं हवं. ‘कुणीतरी करेल’ म्हटलं की ते कुणीच करत नाही. वरच्या प्लेटवर शोभेचं झाकण असेल तर ते खाली ओढता येणारं घ्या. झाकणामागे स्लॅबला तडा गेलाय की नाही हे बघायचं असतं. ॲलन कीचे दोन संच. एक खिळ्याला, दोरीने बांधलेला, म्हणजे कुणी खिशात घालून नेणार नाही. दुसरा प्रथमोपचाराच्या पेटीत. मापं पोलच्या पेटीवर लिहिलेली असतात, पण त्या पेट्या रद्दीत जातात. आधी फोटो काढून ठेवा.

गाद्या: मधोमध भोक आणि चिरलेली बाजू असलेल्या, १० ते १२ सेंटिमीटर जाडीच्या क्रॅश मॅट. योगाची चटई ही क्रॅश मॅट नाही, दोन योगाच्या चटया एकावर एक ठेवल्या तरी नाही. चिरेची वेल्क्रो नीट लावा, नाहीतर पाऊल नेमकं त्या फटीत जाऊन घोटा मुरगळतो. गादी खाली आहे म्हणून धीट होणारे विद्यार्थी असतात. त्यांना सांगा की गादी पडल्यावरचा मार कमी करते, डोक्यावर पडणाऱ्याची मान ती वाचवेल असं नाही. उलट्या हालचाली शिकवताना गादी प्रत्येक पोलखाली, शिक्षिकेच्या पोलखालीही. जमिनीजवळच्या फिरक्यांना मात्र गादी उलट अडथळा होते, तेव्हा ती बाजूला ठेवायला भिंतीलगत जागा लागते. त्या जागेचा विचार अंतर मोजतानाच करा.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ७० टक्क्यांचं, आणि मायक्रोफायबरचं कापड. प्रत्येकाला आपलं आपलं कापड. स्प्रे कापडावर मारायचा, पोलवर नाही, विशेषतः बेअरिंगच्या आसपास तर नाहीच. हँड सॅनिटायझर जेल वापरू नका. बऱ्याच जेलमध्ये ग्लिसरीन असतं, ते पोलवर राहतं. धातूची पॉलिश, फरशीचा क्लीनर, फर्निचरचं तेल, सगळं बाद. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून साठा कमी ठेवा, खिडकी उघडी ठेवा आणि धूप-अगरबत्ती स्टुडिओबाहेर. मल्लखांबाकडून आलेल्या मंडळींनी एरंडेल आणि राळ तिकडेच ठेवावी. लाकडावर जे चालतं ते इथे चालत नाही, आणि धातूला चिकटलेली राळ काढायला सगळ्यांना बसावं लागतं. पकडीसाठी लिक्विड चॉक (हाताला लावायचा पातळ खडू), थोडंसंच. आदल्या रात्रीपासून अंगाला लोशन, तेल नाही. हे प्रवेशाच्या वेळीच सांगा, कारण एकाच्या पायाचं लोशन पुढच्या प्रत्येकाच्या हाताला लागतं.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, लांब साखळ्या काढायच्या. धातूने धातूवर ओरखडा पडतो आणि तो ओरखडा नंतर मांडीला लागतो. कपड्यांना चेन नको. शॉर्ट्स हव्यात, कारण पकड कातडीची असते, कापडाची नाही. नवीन माणसाला हे ऐकून संकोच वाटतो, म्हणून पहिल्या दिवशी शांतपणे कारण सांगा, कपडे बदलायची बंद खोली द्या, खिडक्यांना फिल्म लावा आणि परवानगीशिवाय कुणाचंही चित्रीकरण नाही असा नियम दारावरच लावा.

एसीचा झोत थेट पोलवर येऊ देऊ नका. थंड पोलला हात चिकटत नाही, आणि दमट हवेत त्यावर ओल धरते. हाताने घासून आधी पोल गरम करून घ्यायची सवय लावा.

शिकवण्याबद्दल थोडक्यात. वॉर्मअप पंधरा मिनिटं, खांदे आणि मनगटं जास्त. उडी न मारता पाय वर उचलता येत नाहीत तोवर उलटं होणं नाही, कितीही हट्ट केला तरी नाही. दोन्ही बाजूंनी सराव. स्पॉटिंग करणाऱ्याने, म्हणजे बाजूला उभं राहून आधार देणाऱ्याने, कंबर आणि खांद्याजवळ हात ठेवायचे. पडणाऱ्याला झेलायला जाऊ नये, दोघंही जखमी होतात. खांदा निखळल्याचा इतिहास, गर्भारपण, अपस्मार, मनगटाची शस्त्रक्रिया, रक्तदाब, हे फॉर्मवर विचारा. एका पोलमागे जास्तीत जास्त दोन विद्यार्थी. निळे डाग पडतात, हे आधी सांगा, म्हणजे तिसऱ्या दिवशी घाबरून फोन येत नाही.

प्रथमोपचार पेटी: बर्फाच्या पिशव्या, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, हातमोजे. मान किंवा पाठीवर पडलेल्याला उठवून बसवू नका, हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. विमा घेताना ‘डान्स क्लास’ असं मोघम लिहू नका, पोल असं स्पष्ट लिहा. दाव्याच्या वेळी एजंटचं तोंडी आश्वासन मदतीला येत नाही.

लाइट गेला की कुणीतरी वरच असतं. आपत्कालीन दिवा लावा. अंधारात उतरायची रीत एकदा सगळ्यांकडून करून घ्या, संगीत बंद करून, हळू, पाय आधी. आरसे, स्पीकर, चपलांचं कपाट, पाणी, टॉवेल: हे तुम्हाला कळतंच. आणि किल्लीवाल्याला शटरची दुसरी किल्ली करायला सांगितलीच आहे, तर त्याच फेरीत ॲलन कीचा तिसरा संच घेऊन या.