‘आधी पूर्ण सोडा, मग या’: दारूसाठी थेरपिस्ट शोधताना या चुका टाळा

धाकट्या भावाच्या दारूसाठी मी एका व्यसनमुक्ती केंद्राला पहिला फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी नावसुद्धा विचारलं नाही. थेट म्हणाल्या, "ॲडमिट कधी करताय?" भाऊ अंबडला कंपनीत शिफ्टला जातो. तीन महिने आत बसवला तर नोकरी जाणार. त्याचं म्हणणं एवढंच होतं, "ताई, मला आधी कमी करायचीय." या वाक्यावर न हसणारा माणूस नाशिकमध्ये सापडायला चार महिने लागले, आणि त्यातले तीन माझ्याच चुकांत गेले.

पाटी बघून शोधणं

‘व्यसनमुक्ती नाशिक’ असं टाकलं की खाटावाली केंद्रंच पुढे येतात. ‘हार्म रिडक्शन’, म्हणजे नशा पूर्ण सुटेपर्यंत निदान तिचं नुकसान कमी करणं, अशी पाटी कॉलेज रोडला शोधत बसू नका. ही पद्धत 1980 च्या दशकात एचआयव्हीच्या भीतीतून युरोपात रुजली: नशा आज सुटत नसेल तर निदान सुई तरी स्वच्छ मिळू दे. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना आपल्याकडे नाकोच्या, म्हणजे सरकारी एड्स नियंत्रण संस्थेच्या, केंद्रांवर ब्युप्रेनॉर्फिन हे सुईऐवजी घ्यायचं औषध देतात, तेही याच विचाराने. दारूसाठी असं काम करणारे सायकियाट्रिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट साध्याच पाटीमागे बसलेले असतात. विचारल्याशिवाय कळत नाही.

भलताच प्रश्न विचारणं

"तुम्ही हार्म रिडक्शन करता का?" याला सगळे हो म्हणतात. मी नंतर एकच विचारायला लागले: "आदल्या रात्री तो प्यायला, तर दुसऱ्या दिवशीच्या अपॉइंटमेंटचं काय?"

एक डॉक्टर म्हणाले, "मग त्याला इच्छाच नाही, पैसे वाया घालवू नका." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "नशेत असेल तर बोलणं होणार नाही. पण सकाळी उतरली की नक्की पाठवा, त्याच दिवशी तर बोलायचं असतं." मी तिथेच थांबले.

जोडीला हेही विचारा: किती कमी करायचं ते कोण ठरवणार, आणि लिव्हरच्या तपासण्या कधी? तपासणीचं नाव न काढता "थोडी चालेल हो" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. सिरॉसिस असेल, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, पोटात बाळ असेल, तर कमी करून भागत नाही. चांगला थेरपिस्ट हे तोंडावर सांगतो. एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगांनी किंवा माळ घालून कायमची सुटलेली माणसं मीही पाहिली आहेत, त्या वाटेशी माझं भांडण नाही.

अपॉइंटमेंटसाठी ‘स्वच्छ’ होऊन जाणं

ही सगळ्यात घातक चूक. डॉक्टरांपुढे तोंड दाखवायचं म्हणून भावाने रोजची दारू एका दिवसात बंद केली. दुसऱ्या दिवशी हाताला इतका कंप, की चहाचा कप धरवेना. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवली तर पहिल्या 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, ताप, बरळणं सुरू होऊ शकतं, आणि त्यात जीवही जातो. अशा वेळी थेरपिस्टला फोन करत बसू नका. त्र्यंबक रोडचं सिव्हिल किंवा जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल गाठा. कमी करायची ती टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांनी दिलेल्या व्हिटॅमिन बी-1 आणि इतर औषधांसोबत.

वरणात गोळी

शेजारच्या काकूंचा सल्ला: डायसल्फिरामची गोळी कुटून वरणात घाला, आपोआप सुटेल. ती गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. हृदयाचं दुखणं असलेल्याच्या जिवावर बेततं. आणि कळलं की तो घरातल्या पाण्यावरही विश्वास ठेवत नाही.

आकडा न ठेवणं

"हल्ली कमी घेतो" याला काही अर्थ नाही. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलीत, साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. 650 मिलीच्या स्ट्राँग बिअरमध्ये 40 च्या आसपास. क्वार्टर सोडून अशा दोन बिअरवर आलेला माणूस वर गेलेला असतो. आम्ही वाण्याच्या हिशेबासारखी वही घातली: तारीख, किती, कोणासोबत, जेवण आधी की नंतर.

बाकीचं पटकन. ‘समुपदेशक’ अशी पाटी कोणीही लावतो, म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी क्रमांक विचारा. औषध लिहून देणं सायकियाट्रिस्टचं काम. थेरपिस्टकडून चोरून रिपोर्ट मागू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे, आणि मी मागितला तेव्हा बाईंनी मला सरळ नाही म्हटलं. गावात कोणी सापडेना, तर बोलणं पुण्या-मुंबईच्या थेरपिस्टशी ऑनलाइन आणि तपासण्या, औषधं इथल्या डॉक्टरांकडे, असं जमतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर मराठीत बोलतो, रात्रीही.

गटारीला मी धास्तावले होते. तो प्यायलाच. सकाळी बाईंकडे गेला, आल्यावर विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं, जेवून प्यायलास का विचारत होत्या." वहीत लिहिलं होतं: तीन पेग, जेवण आधी.